चित्राची मागची बाजू

फ्रेम करणाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम चित्राच्या मागच्या बाजूला चालतं. गिऱ्हाईक चित्र समोरून बघतं, आम्ही ते हातात आलं की आधी पालथं घालतो. कागद किती जाड आहे, कुठे दुमडलाय, कुठे ओल लागून गेलीय, आधी कशाने चिकटवला होता, हे सगळं पाठ सांगते. डोंबिवलीतलं आमचं दुकान वडिलांनी सुरू केलं, तेव्हा तिथे देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, मानपत्रं आणि गेलेल्या माणसांचे फोटो येत. लहान मुलांची चित्रं कुणी फ्रेमला आणत नसे. ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर जात, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत. मी दुकानात बसायला लागले त्या सुमाराला ती यायला लागली, आणि आता पावसाळ्याचे महिने सोडले तर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पिशवीतून गुंडाळी काढतंच.

या चित्रांच्या पाठीवर मी काय काय पाहिलंय! सातचा पाढा, वाणसामानाची यादी, विजेच्या बिलाचा तक्ता, शाळेचा शिक्का, ऑफिसातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदावरचं कुणाचं तरी ताळेबंदाचं पान. फार कमी वेळा सापडतं ते मुलाचं नाव आणि तारीख. आईबापांना विचारलं की म्हणतात, "ताई, हे मोठीचं असावं. की धाकट्याचं?" आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलाचं चित्र जपायचं असेल तर सुरुवात त्याच्या पाठीपासून करावी. ते टिकणार की नाही हेही तिथेच ठरतं, आणि पुढे ते कुणाला काही सांगणार की नाही हेही तिथेच.

आधी चिकटपट्टीचं सांगते, कारण घरात चित्रांचं सर्वांत जास्त नुकसान तिच्याने होतं. एक घर, दोन माणसं, कोपऱ्यात सूर्य, असं एक चित्र मागच्या वर्षी आलं होतं. कपाटाच्या दारावर चारही कोपऱ्यांना पारदर्शक पट्टी लावून ते बरीच वर्षं राहिलेलं. या पट्टीचा गोंद आधी मऊ पडतो आणि कागदाच्या आत उतरतो. मग तो हवेने पिवळा, पुढे तपकिरी होत जातो, आणि शेवटी प्लॅस्टिक कोरडं होऊन गळून पडतं. डाग मात्र कागदातच राहतो. दोन कोपऱ्यांवर प्लॅस्टिक अजून होतं. मी ड्रायरची मंद ऊब वरून दिली, बोथट पातळ पातं पट्टीच्या टोकाखाली सरकवलं आणि पट्टी कागदाला जवळजवळ समांतर ठेवून, केसाएवढी केसाएवढी मागे ओढत आणली. वर उचलून ओढली असती तर कागदाचा पापुद्रा आला असता. चित्र स्केचपेनचं होतं म्हणून ऊब देता आली; तेलखडूचं असतं तर रंगच पाघळला असता. उरलेला चिकटा क्रेप रबराने हलकेच गोळा करून उचलला. एका कोपऱ्याला मला पाऊण तास लागला. डाग गेले नाहीत, ते माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसवतो त्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, कडेखाली झाकले.

म्हणून भिंतीवर, कपाटावर लावायचं असेल तर पट्टी चित्राला लावूच नका. भिंतीवर एक दोरी ताणा आणि लाकडी चिमटे वापरा. चिमटा आणि चित्र यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवली की वळही उमटत नाही. आम्ही फ्रेममध्ये चित्र बसवतो तेव्हा फक्त वरच्या कडेला, मागून, पातळ हातकागदाच्या दोन छोट्या पट्ट्या लावतो, त्याही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. खळ पाण्याने सुटते. उद्या कुणाला चित्र बाहेर काढायचं झालं तर ते इजा न होता काढता आलं पाहिजे, हा आमच्या कामातला पहिला नियम. उरलेल्या तीन कडा मोकळ्या ठेवतो, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. चारही बाजूंनी घट्ट चिकटवलेल्या कागदाला डोंबिवलीच्या पावसाळ्यात सुरकुत्या पडणारच. पट्ट्यांचा हा कागद मी पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणते. १९४० साली सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करते, आणि चांगला सुती कागद पिढ्यान् पिढ्या टिकतो.

मुलांच्या चित्रकलेच्या वहीतला कागद तसा नसतो. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. वर्तमानपत्र उन्हात टाकलं की दोन दिवसांत दिसतं ते हेच. त्यात चित्रामागे हार्डबोर्ड थेट लावला तर त्यातलं आम्ल चित्रात उतरतं. मागे लाकडी फळी असलेल्या जुन्या फ्रेमा उघडताना मी चित्रांच्या पाठीवर लाकडाच्या रेषा आणि गाठी जशाच्या तशा तपकिरी उमटलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून चित्र आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठा हवा. फ्रेमवाल्याकडे गेलात तर फ्रेमच्या पट्टीच्या नक्षीबद्दल नंतर विचारा, आधी विचारा की मागे काय लावणार. खर्चात थोडाच फरक पडतो.

लॅमिनेशनबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. ते यंत्र शंभर अंशांच्या पुढे तापतं, आणि मेणाचा खडू त्याच्या कितीतरी आधी वितळतो. एका आईने मुलाच्या पहिल्या रंगीत चित्राचं लॅमिनेशन करून आणलं होतं, फ्रेमसाठी. निळ्यात लाल मिसळून सगळीकडे जांभळट ओघळ आले होते, आणि आता ते प्लॅस्टिक सोलून काढायचा काही उपाय नाही. चित्र सुरक्षित राहावं म्हणूनच तिने ते केलं होतं. मी तिला घरी आणखी काही असेल तर घेऊन यायला सांगितलं. तिने आणलेलं दुसरं चित्र चुरगळलेलं, कोपरा फाटलेलं होतं. त्याचं मात्र खूप काही करता आलं. फाटलेला कागद सांधता येतो.

तेलखडूच्या चित्राला काच टेकता कामा नये. खडूचा थर पुरता वाळत नाही, तो काचेला लागतो आणि पुढे काच काढताना निम्मा रंग तिच्याबरोबर येतो. माउंटची जाडी किंवा कडेने बसवलेली बारीक पट्टी यांनी अंतर राखता येतं. पोस्टर कलर जाड थापलेला असेल तर चित्र गुंडाळू नका, भेगा पडून पोपडे निघतात. चमकी, टिकल्या, पतंगाचा कागद यांची चित्रं आडवीच ठेवा. आणि स्केचपेनला ऊन दाखवू नका. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स एवढाच उजेड देतात. भर दुपारचं ऊन लाख लक्सच्या घरात जातं. उडालेला रंग पुन्हा येत नाही. माझ्या पाहण्यात गुलाबी आणि जांभळा आधी जातात, म्हणजे नेमके मुलांचे आवडते.

कडधान्यांची चित्रं हा वेगळाच विषय आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मूग, मसूर, राजमा चिकटवून मोर, गणपती करतात. एक आजोबा नातीचा असा मोर घेऊन आले होते. पुठ्ठ्यावर बारीक पीठ सांडलेलं, मसुरांना भोकं. पोरकिडे झाले होते. ते म्हणाले, "टाकून द्यायचं नाही हं बाळ, पोरगी विचारते." मी तो मोर हवाबंद पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायला सांगितला, एवढ्या थंडीत किडे आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती घरच्या हवेला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड पुठ्ठ्यावर पाणी धरतं. मग खोल पेटीसारखी फ्रेम केली आणि मागच्या सगळ्या फटी बंद केल्या. तरी मी त्यांना आधी फोटो काढून ठेवायला लावला, कारण धान्य ते धान्यच.

आता पाठीवर लिहिण्याबद्दल. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, चित्राच्या मागे खालच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहा: नाव, तारीख, वय आणि मुलाने चित्राबद्दल काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. यातली चौथी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. दोन-अडीच वर्षांच्या मुलाने मारलेल्या गोल गोल रेघोट्यांना तो "बाबा ऑफिसला चाललेत" म्हणतो. महिन्याभराने त्यालाही ते आठवत नाही.

तारखेचं महत्त्व मला रोडा केलॉग या बाईंच्या कामामुळे नीट कळलं. त्या सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडी चालवत, आणि त्यांनी लहान मुलांची दहा लाखांहून अधिक चित्रं गोळा केली. १९६९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात रेघोट्यांतून गोल, गोलातून फुली असलेला गोल, मग सूर्य आणि सूर्यातून माणूस, असा प्रवास त्यांनी दाखवला आहे. डोक्यालाच हातपाय फुटलेला तो माणूस तुम्ही प्रत्येक घरात पाहिला असेल. तो थोडेच महिने राहतो, नंतर मुलाला धड सापडतं. तारीख घातलेली चारच चित्रं ओळीने लावून बघा, मूल कसं बघायला शिकलं ते समोर दिसतं. तारीख नसेल तर चाळीस चित्रांचाही नुसता गठ्ठा होतो.

तारखेइतकंच महत्त्व नावाचं. रशियातल्या नोवगोरोदला १९५६ साली उत्खननात भूर्जाच्या सालीचे काही तुकडे मिळाले. तेराव्या शतकातल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलाने त्यावर अक्षरं गिरवली होती आणि चित्रं काढली होती. एका तुकड्याच्या एका बाजूला मुळाक्षरं आणि बाराखडी, पालथं केलं की लांब मानेचं, शेपटीवालं एक जनावर, आणि ते जंगली जनावर आपणच आहोत असं त्याने शेजारी लिहिलेलं. दुसऱ्या तुकड्यावर घोडेस्वार शत्रूला भाला मारतो आहे, त्याच्यापाशी मुलाचं नाव, ओनफिम. हे नाव त्याने लिहिलं म्हणून सातशे वर्षांहून जास्त काळानंतर आपण त्याला नावाने ओळखतो. पाठीवरच्या चित्रांची आणखी एक गोष्ट: चार्ल्स डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या मूळ हस्तलिखिताची फार थोडी पानं आज उरली आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर त्याच्या मुलांची चित्रं आहेत. त्या घरात बापाच्या कागदांवर मुलांना रंगवायची मुभा होती, आणि ती पानं कुणीतरी ठेवून दिली.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांची गोष्ट मी दुकानात सहसा सांगत नाही, पण नाव घालायचा आग्रह मी का धरते याचं खरं कारण ती आहे. बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकार बाईंना नाझींनी १९४२ च्या डिसेंबरात तेरेझीनच्या छावणीत पाठवलं. तिथल्या मुलांना त्या चित्रकला शिकवत. कागद मिळेल तो, जुन्या फॉर्मांच्या पाठीसुद्धा. मुलांनी प्रत्येक चित्रावर आपलं नाव घालावं यावर त्यांचा कटाक्ष असे. १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना आउशविट्झला नेऊन मारण्यात आलं. निघण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून मागे लपवली. युद्धानंतर ती सापडली आणि आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणाऱ्यांतली बहुतेक मुलं मारली गेली. कितीतरी मुलांची त्या एका चित्राखेरीज दुसरी खूण उरलेली नाही, आणि चित्रावर नाव आहे म्हणूनच ते कुणाचं हे कळतं. मी ही गोष्ट प्रथम वाचली त्या दिवसापासून नाव नसलेलं चित्र मी फ्रेममध्ये बंद करत नाही. मूल बरोबर आलं असेल तर त्यालाच पेन्सिल देते.

पाठीवरचं लिखाण कधी कधी पुढच्या बाजूचा अर्थही बदलतं. पन्नाशीच्या एक बाई आईचं घर आवरताना सापडलेलं आपलं तिसरी-चौथीतलं चित्र घेऊन आल्या. शेत, झाड, बैल, आणि आभाळ पिवळट तपकिरी रंगवलेलं. त्याच्यावर शिक्षकांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'आकाश निळे असते.' खाली दहापैकी चार गुण. बरोबर आलेल्या मुलाचं म्हणणं, ती लाल शाई घालवता येईल का. मी कागद तपासला. शाई पाण्याने पसरणारी होती आणि रंगही. नाही म्हटलं. मग बाईंना विचारलं, आभाळ असं का रंगवलंत? त्या लगेच म्हणाल्या, "वळवाच्या आधीचं आहे ते. आमच्याकडे जत भागात वावटळ उठली की वर मातीच माती. बैल बघा ना, कसा पाठ करून उभा आहे." तोपर्यंत त्या बैलाने तोंड का फिरवलंय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलाच्याही नाही. मी त्यांना हे चित्राच्या मागे लिहायला सांगितलं, गावाच्या नावासकट, आणि लाल शाई तशीच राहू दिली. ती त्या चित्राच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे, खोडून काढायचा मला काय अधिकार!

चित्र कुठे लावावं हेही लोक विचारतात. पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर लावू नका; लावायचंच झालं तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर असतो, तिथे फ्रिजवर चुंबकाने लावलेलं चित्र चार दिवसांची हौस म्हणून ठीक. आणि उंची मुलाच्या डोळ्यांची धरा. घरोघर मी बघते, मुलाचं चित्र मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर, पाहुण्यांना दिसेल असं. ज्याने काढलं त्याला मान वर करून बघावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका घरात पॅसेजमध्ये, जमिनीपासून हातभर वर, मागून चापाने उघडणारी एकच फ्रेम आहे. दर महिन्याला मुलगा आपणच चित्र निवडतो आणि आपणच बदलतो. जुनं चित्र पलंगाखालच्या सपाट खोक्यात जातं, मध्ये बटर पेपर घालून. त्या घरात चित्रांबद्दल जेवढं बोलणं होतं, तेवढं मी कुठल्याच घरात ऐकलं नाही. खोकं मात्र माळ्यावर टाकू नका, पत्र्याखालची उष्णता कागद लवकर ठिसूळ करते. पीव्हीसीच्या फायलीत ठेवू नका, तिचं प्लॅस्टिक शाई ओढून घेतं. डांबरगोळ्या तर नकोतच. कसर लागू नये म्हणून खोकं दर दोन-तीन महिन्यांनी उघडून हात फिरवणं पुरेसं आहे.

काही गोष्टी ठेवता येतच नाहीत. दिवाळीतला किल्ला ही मी बघितलेली मुलांची सर्वांत मोठी कलाकृती. पोती, दगडविटा, वर माती, अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेलं हिरवं रान, गुहेत वाघ, सिंहासनावर महाराज, आणि पायथ्याशी कुठल्याच काळाला न बसणारी एक प्लॅस्टिकची मोटार. तुळशीच्या लग्नापर्यंत तो ढासळतो, आणि ढासळायलाच हवा. त्याचा फोटो मात्र काढा, मुलं बाजूला उभी करून, म्हणजे किल्ला केवढा होता हे पुढे कळेल. फोटो सावलीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, आणि शक्य तर किल्ल्याच्या मागूनही एक: तिथे कोणती वीट कशाला टेकवलीय ते दिसतं, आणि डोकं कुणाचं चाललं तेही. माझ्याकडे असे तीन-चार फोटो फ्रेमला आले आहेत. त्यांच्या मागे मुलांनी किल्ल्याचं नाव आणि बांधणाऱ्यांची पूर्ण यादी लिहिली होती, माती आणून देणाऱ्या वॉचमनकाकांसकट.

राहिला निवडीचा प्रश्न. एक मूल दहा वर्षांत शेकड्यांनी चित्रं काढतं आणि दीड खोलीच्या घरात सगळी ठेवणं शक्य नाही. वर्षाला दहा-बारा नीट ठेवावीत, बाकीच्यांचे फोटो घेऊन कागद सोडून द्यावेत, यात मला काही वाईट वाटत नाही. पण निवड कुणाची? चित्र मुलाचं आहे, हे मोठी माणसं प्रेमापोटी विसरतात. मध्यंतरी एक आई पाचवीतल्या मुलीला घेऊन आली. बालवर्गातलं हाताच्या ठशांचं फुलपाखरू मोठ्या सोनेरी फ्रेममध्ये हॉलला लावायचं होतं. मुलगी गप्प. पट्टीचे नमुने काढून झाले, माप घेऊन झालं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ते बाईंनी माझा हात धरून केलंय." आईला ते माहीतच नव्हतं. मी माप खोडलं आणि त्यांना सांगितलं, घरी बसून खोकं उघडा, मग या.

पुढच्या रविवारी दोघी आल्या ते एसटी स्टँडचं चित्र घेऊन. पेन्सिल आणि थोडे जलरंग. लाल गाडी कागदात मावली नाही म्हणून मागचा भाग पाठकोऱ्या बाजूवर काढलेला, तिकडे शिडी चढून टपावर सामान टाकणारा हमाल. आईला हमाल दिसायला हवा होता, मुलीला गाडीचं तोंड. बरंच बोलणं झालं. शेवटी मी दोन्ही बाजूंना काच घातली, मधोमध खिडकी कापलेला माउंट ठेवला, आणि भिंतीऐवजी टेबलावर उभी राहील अशी फ्रेम केली. पट्टी मुलीने निवडली, काळी, अरुंद. नाव आणि तारीख लिहायला मागची बाजू उरली नव्हती, म्हणून तिने ती माउंटच्या खालच्या कडेवर लिहिली, दोन्हीकडे.